तीन दिवस खणायचं नाही

चौदा जून, शुक्रवार, सकाळी पावणेसहा. जमलेली रक्कम अठ्ठ्याऐंशी रियाल पाचशे बैसा. हजर: मी, वरच्या मजल्यावरचा माझा शेजारी, इमारतीचा राखणदार आणि खड्डे खणायला आलेले दोघे. शेजाऱ्याची आई तेव्हा हजर नव्हती. ती सहा वाजून गेल्यावर आली आणि तिथून पुढे माझी एकही गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली नाही.

रकमेचं आधी सांगून टाकतो. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या इमारतीत बारा फ्लॅट आहेत. मागे गॅरेजांची रांग, आणि गॅरेजं व इमारत यांच्यामध्ये एक मोकळा तुकडा. तिथे मुलांसाठी झोपाळा बसवायला मालकाने, म्हणजे आमच्या अर्बाबने, तोंडी परवानगी दिली होती. अकरा घरांनी आठ-आठ रियाल दिले. बाराव्याने मुलं नाहीत म्हणून दिले नाहीत, तेही रास्त. वरचा अर्धा रियाल राखणदाराचा. त्याला इथे सगळे नातूर म्हणतात. मी नको म्हटलं, तर तो म्हणाला, "मुलं माझीही आहेत, गावाला. आणि तुमच्या मुलांना झोपाळ्यावरून हाकलणार मीच ना?" मी अर्धा रियाल घेतला आणि पावती दिली.

मी बांधकाम कंपनीत एस्टिमेटर आहे. किती घनमीटर माती निघेल, किती सिमेंट लागेल, हे सांगणं माझं पोटापाण्याचं काम. शेजारी सर्व्हेअर, जमीन मोजणारा. तो ओडिशाच्या किनाऱ्यावरचा, मी चिपळूणकडचा. आमचं बोलणं हिंदीत चालतं, इथे ते मराठीत लिहितो आहे. दोघांची मिळून या देशात पस्तीस वर्षं झाली. तेव्हा चार खड्डे खणण्यात आमचं काही चुकेल असं कोणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

झोपाळा बसवायचा हे जुनंच भिजत घोंगडं होतं. ते एकदम हललं ते शेजाऱ्याच्या आईमुळे. ती एप्रिलमध्ये व्हिजिट व्हिसावर आली. शेजारी तिला बोउ म्हणतो, त्यांच्याकडे आईला तसंच म्हणतात. मी तिला माउसी म्हणू लागलो, कारण हा शब्द तिच्याकडे आणि आपल्याकडे जवळजवळ एकच. सून नर्स, तिच्या ड्यूट्या उलटसुलट, मुलगा दिवसभर उन्हात, नात शाळेत. मग संध्याकाळी ही आमच्या बाल्कनीत येऊन बसायची. माझ्या बायकोला हिंदी येतं पण बोलायचा कंटाळा, माउसीला हिंदी फारसं येत नाही पण बोलायची हौस. त्यामुळे बोलणं छान जमलं.

तिच्या गावाबद्दल मला जे माहीत आहे ते त्या बाल्कनीतलं. गाव नदीच्या मुखाशी. समोर समुद्र, मध्ये सुरूचं बन. आपल्या कोकणात असतं तसंच, ती त्याला झाऊ म्हणते. बांधाबांधाला केवडा. शाळेची इमारत उंच खांबांवर, कारण वादळ आलं की तीच निवाऱ्याची जागा. माणसांची वयं वादळांवरून मोजतात: अमका मोठ्या वादळाच्या आधीच्या वर्षीचा, तमकी नंतरची. थंडीत कासवं वाळूत अंडी घालायला येतात, तेव्हा होड्या लांब जाऊ द्यायच्या नाहीत असा सरकारी नियम. आणि समुद्र दर वर्षी थोडा थोडा आत येतो. आधी बन गेलं, मग घरांच्या दोन रांगा, मग हिची शेती.

"किती होती?" मी विचारलं.

"साडेतीन माण."

माण म्हणजे साधारण एक एकर. मी गुंठ्यांत हिशोब केला, एकशे चाळीस. ती म्हणाली, साडेसत्त्याऐंशी. तिला मोजणी कळत नसेल असं समजून मी पुन्हा सांगितलं. शेजारी हसायला लागला. त्यांच्याकडे एकराला पंचवीस गुंठे, आपल्याकडे चाळीस. दोघंही बरोबर होतो, पण हे पटायला मला कॅल्क्युलेटर काढावा लागला.

"आता सगळी पाण्याखाली?"

"सगळी. कागदावर अजून माझ्या नावावर आहे. कोरडी जमीन म्हणून."

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पानाला चुना लावता लावता सांगितलं.

मेच्या शेवटी तिने रजोचा विषय काढला. जूनच्या मध्यावर, सूर्य मिथुन राशीत जातो त्या सुमाराचे हे तीन दिवस. तिच्याकडे असं मानतात की बाईला जशी पाळी येते तशी या तीन दिवसांत जमिनीला येते. म्हणून तिला त्रास द्यायचा नाही. नांगर बंद. मुली-बायकांना चूल बंद, दळणकांडण बंद. खायचं ते आदल्या दिवशी करून ठेवायचं. मुलींनी नवे कपडे घालायचे, पाय लाल आलत्याने रंगवायचे, पान खायचं आणि झोपाळ्यावर बसायचं. पुरुषांनी पत्ते खेळायचे. चौथ्या दिवशी जमिनीची आंघोळ, मग पेरणी.

माझी बायको ऐकत होती. तिची पहिली काही वर्षं आमच्या गावच्या घरी गेली आहेत, दर महिन्याला पडवीत वेगळं बसून. ती म्हणाली, "आमच्याकडे बाजूला बसवायचे. तुमच्याकडे झोपाळ्यावर बसवतात?"

"बाजूला आम्हालाही बसवतात," माउसी म्हणाली. "देवाचं काही शिवू देत नाहीत. महिन्याचे चार दिवस तेच. पण वर्षातले हे तीन दिवस आमचे."

"म्हणजे सूट आहे."

"सूट नाही. कमाई."

मी हे ऐकलं न ऐकल्यासारखं करून मोबाइल बघत होतो. हा विषय बायका बोलत असताना पुरुषाने खोलीत कसं बसावं हे मला कोणी शिकवलेलं नाही. आपल्याकडे बैलाला वर्षातून एक दिवस सुट्टी असते, जमिनीला असते हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो, एवढं मात्र मनात आलं.

मग तिने आपलं खरं म्हणणं सांगितलं. नात तेरा वर्षांची. याच वर्षी वयात आली. हा तिचा पहिला रजो. "मला माझ्या आजीने झोपाळ्यावर बसवलं. माझ्या मुलींना मी बसवलं. हिला बसवते आणि मग मी विमानात बसते." विमान अठरा जूनचं, मंगळवारचं होतं. व्हिसा त्याच आठवड्यात संपत होता आणि पुढच्या वर्षी गुडघे तिला विमानात चढू देतील याची तिला खात्री नव्हती. बाकी मस्कतमध्ये तिला काही बघायचं नव्हतं. मशीद दाखवली, किल्ला दाखवला, मॉल दाखवला. सगळीकडे ती हो हो म्हणाली आणि परत येताना विचारलं, झोपाळ्याचं काय?

म्हणून मी कामाला लागलो. वादी कबीरच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी पाइपची चौकट करून घेतली: दोन बाजूंना फाकलेल्या दोन-दोन तंगड्या, वर आडवा पाइप. तंगड्या साठ सेंटीमीटर जास्त लांब, जमिनीत गाडून काँक्रीट भरण्यासाठी. माझी आठवड्यातून एक खेप सूरला, किनाऱ्यावरच्या बंदराच्या गावी, असते, तिथे कंपनीचं काम चालू आहे. एका खेपेला शेजारी आणि माउसी बरोबर आले. जहाजं बांधतात त्या आवारात सागवानाची एक उरलेली फळी मिळाली, बोटभर जाड, रंधा मारलेली. दोर मासेमारीच्या दुकानातून. माउसीने दोर हातात घेऊन पीळ पाहिला, काथ्याचा नाही म्हणून नाक मुरडलं आणि जाडातला जाड निवडला. समोर लाकडी टेकूंवर अर्धं बांधलेलं गलबत उभं होतं. पलीकडच्या किनाऱ्यावर इथेही कासवं येतात, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग ह्यांनाही समुद्र कळत असेल."

दोराचं माप मी काढलं. गाठींसकट एका बाजूला तीन मीटर, वर दहा टक्के जास्त. दहा टक्के मी प्रत्येक गोष्टीत धरतो.

आता वेळापत्रक. रजो चौदा, पंधरा, सोळा. चौदाला शुक्रवार, म्हणजे मजूर मोकळे. शुक्रवारी पहाटे खणायचं, काँक्रीट भरायचं, दोन दिवस पाणी मारायचं, रविवारी संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी, झोपाळा सुरू. सोमवारी बकरी ईद, मंगळवारी विमान. माझ्या मते यात एका तासाचीही फट नव्हती. शेजाऱ्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "परफेक्ट."

बुधवारी मी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. वर्गणी दिलेल्या लोकांना झोपाळा याच दिवशी का, हे कळलं पाहिजे असं मला वाटलं. म्हणून रजो म्हणजे काय, ते सात ओळींत, जसं आहे तसं लिहिलं. दहा मिनिटांत माझी मुलगी खोलीतून बाहेर आली. ती आणि शेजाऱ्याची मुलगी एकाच वर्गात.

"बाबा, डिलीट करा. प्लीज."

"चुकलंय काय त्यात?"

"काही नाही चुकलं. डिलीट करा."

तोवर तेवीस जणांनी वाचलं होतं. मी डिलीट केला नाही. जे खरं आहे ते पुसायचं कशाला, असं माझं मत होतं.

तर शुक्रवार. सहालाच हवा तापलेली. मजुरांपैकी एक चितगावचा, दुसरा आपल्या खेडचा. चुन्याने चार खुणा मी स्वतः केल्या होत्या. खेडकराने पहिली कुदळ मारली. खडी आणि कडक माती, एक वीतभर खड्डा झाला असेल, तेवढ्यात मागच्या दारातून माउसी आली. नवं लुगडं, पाय लाल रंगवलेले, पायात चप्पल. तिने कुदळ पाहिली आणि थेट जाऊन त्या खड्ड्यापाशी उभी राहिली.

"आज?"

"हो माउसी. म्हणजे रविवारी बसता येईल."

"आज पहिला दिवस आहे."

मी म्हटलं, "म्हणूनच आज."

ती मुलाकडे वळली आणि ओडियात काहीतरी बोलली. शेजाऱ्याचा चेहरा पडला. तो मला म्हणाला, "भाऊ, या तीन दिवसांत जमीन खणत नाहीत."

"हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. नांगरायची नाही हे माहीत होतं. हे... हे साइटचं काम वाटलं मला."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. बाल्कनीत नांगर बंद हे मीही ऐकलं होतं. पण आम्ही दोघं इतकी वर्षं जमीन कागदावर बघत आलो, की चार खड्डे म्हणजे कागदावरचे आकडे. त्यांचा आणि जमिनीचा काही संबंध असेल हे एकालाही सुचलं नाही. जमिनीच्या सुट्टीचा सण, आणि त्या सणाचा झोपाळा लावायला पहिल्याच दिवशी आम्ही कुदळ घेऊन उभे.

शेजारी आईला ओडियात समजवायला लागला; काय बोलणं झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. "बोउ, हा ओमान आहे. इथे पाऊस नाही, पेरणी नाही. ही आपली जमीन पण नाही."

"जमिनीला व्हिसा लागतो का?"

"तसं नाही..."

"तू उन्हाचा दुपारी घरी का येतोस?"

"नियम आहे. जून ते ऑगस्ट साडेबारा ते साडेतीन बाहेरचं काम बंद."

"कोणी केला?"

"सरकारने."

"मग हा मी केला."

खेडकर कुदळीवर हात ठेवून ऐकत होता. त्याला ओडिया कळत नव्हतं, पण रागरंग कळला. मला म्हणाला, "भाऊ, आजी काय म्हणता? खणायचा की नाय खणायचा?"

"थांब जरा."

"आमी थांबतो. पण ऊन नाय थांबायचा."

मी माउसीला आकडे सांगितले. आज खणलं नाही तर काँक्रीट नाही. उद्या-परवाही खणायचं नाही म्हणजे सोमवार, आणि सोमवारी ईद, गुरुवारपर्यंत एक माणूस मिळणार नाही. मंगळवारी तुमचं विमान. म्हणजे खणलं नाही तर झोपाळा नाही, आणि नातही झोपाळ्यावर नाही. मी हे सरळ सांगितलं, कारण गोड बोलून वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबू, माझी साडेतीन माण पाण्याखाली आहे. तिथे आता माणूस जात नाही, मासे फिरतात. तरी मी तिचे तीन दिवस पाळते. तिला कोणी बघत नाही म्हणून चुकवत नाही. आणि इथे माझ्या डोळ्यांदेखत खणू देऊ? झोपाळा नसला तर नसला."

आवाज चढला नाही. पण त्यानंतर तिथे खणण्याचा विषय संपला, हे चितगावच्या मजुरालाही समजलं. त्याने फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. माउसी खाली वाकली, गुडघ्याला हात लावत, आणि निघालेली माती हाताने परत त्या वीतभर खड्ड्यात लोटली. वरून माझी बायको बघत होती. तिच्याकडून हळद मागवली, पाण्यात कालवली आणि त्या जागी शिंपडली.

मी इमारतीच्या सावलीत जाऊन बसलो. मला रागही आला होता, पण त्याहून जास्त चौकट डोळ्यांसमोर येत होती. चौकट तयार, फळी तयार, दोर तयार. जमत नव्हतं ते फक्त जमिनीत शिरणं. आणि मग मी स्वतःलाच विचारलं, शिरायला कशाला हवं? खड्डा कशासाठी असतो? चौकट उलटू नये म्हणून. उलटू नये म्हणून वजन लागतं. वजन जमिनीच्या आतच पाहिजे असं कुठे आहे?

कागदाच्या मागच्या बाजूला मांडणी केली. दोनशे लिटरचा निळा ड्रम पाण्याने भरला की दोनशे किलो. चार तंगड्यांना चार ड्रम, आठशे किलो. आजी आणि नात मिळून नव्वदच्या आत. झोके कितीही उंच गेले तरी चौकट हलणार नाही. हे मी दोनदा तपासलं आणि उठलो.

"नातूर, टँकर उशिरा येतो तेव्हाचे ड्रम किती आहेत?"

"दोन."

दोन माझ्या साइटवर होते. सुपरवायझरला फोन करून परवानगी घेतली, परत कधी देणार तेही सांगितलं, आणि शेजाऱ्याची पिकअप घेऊन आम्ही दोघं गेलो. साडेआठपर्यंत चौकट उभी, ड्रम जागेवर, तंगड्या ड्रमना साखळ्यांनी आवळलेल्या, नळी लावून पाणी चालू. माउसीने एकच हरकत घेतली: लोखंडाची टोकं जमिनीला टोचतायत. मग गॅरेजमधून जुन्या टायरचे चार तुकडे आणून खाली घातले. खेडकर म्हणाला, "आमच्या आयेचे पाय दुखले तं कोणी एवढा करीत नाय." पण टायर त्यानेच कापले, आणि चारही सारखे कापले.

एक घोळ राहिला. तंगड्या गाडायच्या नसल्यामुळे आडवा पाइप जवळजवळ साठ सेंटीमीटर वर गेला, आणि माझ्या जास्तीच्या दहा टक्के दोराने त्यातली निम्मीच उंची भरून निघाली. फळी कमरेएवढ्या उंचीला लटकली. मुलांना काही वाटलं नाही, ती उड्या मारून बसली. दुपार सोडली तर दोन दिवस झोपाळा रिकामा नव्हता. नातूरने मुलं हाकलायचं आपलं काम चोख केलं.

फक्त जिच्यासाठी सगळं केलं ती नात खाली उतरली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. आणि ती येत नाही म्हणून माउसीही झोपाळ्याला हात लावीना. बाल्कनीतल्या खुर्चीत पान खात खाली बघत बसायची.

शनिवारी रात्री बायको वरून आली. बरोबर पोडो पिठ्याचा तुकडा होता. तांदूळ, उडीद, खोबरं, गूळ घालून मंद भाजलेला, वरून काळा. आपल्या धोंडसाच्या जातीचा, पण जास्त करपवलेला. तो माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "नात म्हणते, काकांनी सगळ्या बिल्डिंगला माझ्याबद्दल लिहिलं."

"तिच्याबद्दल एक अक्षर नाही लिहिलं. जमिनीबद्दल लिहिलं."

"इमारतीत तेरा वर्षांच्या मुली किती?"

"दोन."

"एक आपली, आपल्याकडे रजो नाही. दुसरी? हिशोब तुम्हालाच जमतो ना?"

मी पिठा खाल्ला.

"आता परत मेसेज टाकू नका," ती म्हणाली. "खुलासा वगैरे."

तेच करायच्या विचारात होतो, ते सोडून दिलं.

रविवारी, तिसऱ्या दिवशी, उन्हं उतरल्यावर मी वर गेलो. रस्त्यावर ईदच्या बकऱ्यांनी भरलेल्या गाड्या चालल्या होत्या, त्यांचं ओरडणं जिन्यापर्यंत येत होतं. दार नातीनेच उघडलं. आजी आत तयार होऊन बसली होती, पाय पुन्हा नव्याने रंगवलेले. मी मुलीला म्हटलं, "तो मेसेज मी विचारून टाकायला हवा होता. तुला विचारून."

ती दाराची कडी चाळवत उभी राहिली.

"आणि एक अडचण आहे. दोर माझ्या मापात कमी पडला. फळी उंच झाली. तुझ्या आजीला चढता येणार नाही. खाली ठोकळा ठेवलाय, पण ती चढताना कोणीतरी फळी धरायला पाहिजे."

"बाबा धरतील ना."

आतून माउसी म्हणाली, "पुरुषांनी पत्ते खेळायचे."

"काकू?"

"काकूला विचारलं," मी म्हटलं. हे खरं होतं. "ती म्हणते, नात असताना मी कशाला."

मुलीने आजीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "इट्स सेफ?"

"आठशे किलो पाणी आहे. तुम्ही दोघी मिळून नव्वदही नाही."

"तुम्ही वजन केलंत आमचं?"

"अंदाज."

ती पहिल्यांदा हसली, जराशी. आत गेली आणि चपला घालून आली. जिन्यात आजी तिच्या खांद्यावर हात टाकून एकेक पायरी उतरली.

खाली गर्दी नव्हती. माझ्या मुलीने ती आधीच पांगवली होती, कशी ते मला माहीत नाही. नातूरही पाठ करून उभा होता. मी आणि शेजारी भिंतीशी टेबल टाकून पत्ते पिसायला बसलो, म्हणजे माउसीचा तोही नियम पाळला गेला. दोघांचंही लक्ष पानांवर नव्हतं.

मुलीने फळी घट्ट धरली. आजी ठोकळ्यावर चढली आणि बसली. मग शेजारची जागा हाताने थोपटली. मुलीने वर सगळ्या बाल्कन्यांकडे पाहिलं. दोन-तीन ठिकाणी माणसं होती, पण बघणाऱ्यांनी बघितल्यासारखं केलं नाही. ती उडी मारून आजीच्या शेजारी बसली. माझ्या मुलीने मागून ढकललं.

माउसी काहीतरी गात होती, हळू, दोराच्या करकरीच्या आवाजात मिसळेल असं. मधे थांबून नातीला एखादा शब्द विचारायची, मुलगी चुकीचा सांगायची, मग दोघी हसायच्या. झोका बराच वर जात होता. मी ड्रमकडे बघत होतो. एकही जागचा हलला नाही.

"तुझी पाळी," शेजारी म्हणाला. मी पान टाकलं. कुठलं टाकलं ते आठवत नाही. डाव तो हरला एवढं आठवतं.

अंधार पडेपर्यंत त्या बसल्या होत्या. उतरल्यावर माउसी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दोर कमी पडला ते बरं झालं. जमिनीला पाय लागले नाहीत." माप चुकलं ते चुकलंच, पण तिला जर ते बरं वाटत असेल तर माझी हरकत नव्हती.

मंगळवारी ती गेली. विमानतळावर नातीने सामानाची ट्रॉली ढकलली. गुरुवारी, वीस तारखेला, जमिनीचे दिवस संपून आणि तिची आंघोळ होऊनही तीन दिवस झाले होते, तेव्हा तेच दोघे मजूर पुन्हा आले. ड्रम सोडले, चार खड्डे खणले, काँक्रीट भरलं. हळद शिंपडलेल्या जागी खणायला लागल्यावर खेडकराने मला विचारलं, "इथे आता चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. चौकट खाली गेली आणि झोपाळा माझ्या मूळ मापाला आला.

हिशोब ग्रुपवर टाकला तेव्हा एकाने विचारलं, मजुरी दोनदा कशी? पहिल्या दिवशी तर खणलंच नाही. मी उत्तर दिलं की दिवस त्यांचा गेला, ड्रम त्यांनी भरले, आणि सुट्टी जमिनीची होती, त्यांची नव्हती. वर्गणीत पाच रियाल कमी पडत होते, ते मी आणि शेजाऱ्याने अडीच-अडीच घातले.

शेवटी दिलेली रक्कम: चौदा जूनचे बारा रियाल, वीस जूनचे बारा रियाल. एकूण चोवीस. त्याच दोघांना, निम्मे-निम्मे.